सरांच्या पिशवीतली कडी

गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळची प्रार्थना संपता संपता, आमच्या शाळेतल्या सरांना ऑफिसात बोलावून संस्थेच्या गगनबावड्याच्या शाळेत बदली झाल्याचं सांगण्यात आलं. त्याच दुपारी अकरावीतल्या नम्रताला तिच्या शिकायच्या कामावरून काढून इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या साड्यांच्या एका शोरूममध्ये उभं करण्यात आलं. अन्याय झाला तो या दोघांवर. बाकी सगळ्यांचं उत्तम चाललं आहे. शोरूमचं तर विचारूच नका.

सर आम्हाला व्यवसाय शिक्षण शिकवायचे. मुलांना गावातल्या कारखान्यांत, दुकानांत काम शिकायला पाठवायची योजना त्यांच्याकडे होती. कागदावर तिचं नाव इंटर्नशिप. सर म्हणायचे उमेदवारी. कुठल्याही मालकाच्या दारात उभं राहिल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘‘मालक, संडास कुठं हाय?’’ मालकाला वाटायचं, मास्तरांना घाई लागली आहे. तो लगबगीनं दार दाखवायचा. सर आत जायचे, आतून कडी लावायचे, काढायचे, नळ सोडून बघायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, ‘‘आता बोलू. किती पोरं घेताय?’’

कडी मोडकी असेल, तर सरांच्या कापडी पिशवीत एक नवीकोरी कडी कायम असायची. सोबत स्क्रू आणि मूठ झिजलेला पेचकस. मालक ‘‘उद्या बसवून घेतो की सर,’’ म्हणेपर्यंत सर दाराशी उकिडवे बसलेले असायचे. ‘‘पोरगी आज येणार, आणि कडी उद्या व्हय?’’ वर्गातली मुलं त्यांना ‘संडास सर’ म्हणायची. सरांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि डस्टर हातात घेऊन म्हणाले, ‘‘व्हय, मीच. मी विचारायला लाजलो असतो, तर तुमच्या ताया घरात बसून भांडी घासत असत्या.’’ मग शांतपणे धडा सुरू.

त्यांचा दुसरा हट्ट स्टुलाचा. मुलगा किंवा मुलगी जिथं बसणार, तिथं आधी सर एक दिवस बसणार. माझी उमेदवारी उद्यमनगरातल्या एका छापखान्यात ठरली, तेव्हा सर सकाळी जाऊन तिथल्या स्टुलावर बसले. मालक हबकला. ‘‘सर, पाहिजे काय तुम्हाला?’’

‘‘काम सांगा. आज तुमचा उमेदवार मीच.’’

मालकानं थट्टेनं बिलबुकांचा ढीग पुढं टाकला. सर संध्याकाळपर्यंत पानं जुळवत बसले. उठताना कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘‘पावणं, ह्या स्टुलावर तुमची लेक बसली असती का?’’ दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा तिथं पाठीची खुर्ची होती. पत्रक कसं जुळवायचं, मथळा कुठं ठोकायचा, हे सगळं मी त्याच खुर्चीत शिकले. आज पत्रकं काढते म्हणून संस्थेतले लोक माझ्यावर चिडतात. त्यांनी खरं तर त्या खुर्चीवर चिडायला हवं.

सर भांडखोर नव्हते, हे मुद्दाम सांगते. चहा मालकाकडचाच प्यायचे, त्याच्या पोराबाळांची चौकशी करायचे, निघताना मात्र उंबऱ्यात थांबून एक वाक्य बोलायचे, ‘‘पोरगी उमेदवारीला देतोय, आंदण न्हाय.’’ मालक हसायचे. पण पोरीला दुकान झाडायला आणि चहा आणायला सांगताना त्यांची जीभ अडखळायची.

नम्रता मुरगूडची. इथं मामाकडं राहून शिकत होती. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामासाठी लाकडी साचे करतात, त्या साच्यांच्या कारखान्यात सरांनी तिला ठेवलं. पहिल्या आठवड्यात कारागीर तिला म्हणायचे, ‘‘ताई, लाटणं करून देऊ काय?’’ महिनाभरात तिनं पुलीचा साचा स्वतः घासून उभा केला. सरांनी तो वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरवला. ती कोल्हापूरच्या पोरींसारखी पुरुषी बोलायची. ‘‘सर, मी मुरगुडात कारखाना टाकतो बघा. बोर्डावर माझं नाव लावतो.’’ सर म्हणाले, ‘‘टाक. पण आधी संडास बांध.’’ अख्खा वर्ग हसला. ती हसली नाही. वहीच्या मागच्या पानावर कारखान्याचा नकाशा काढू लागली, आणि कोपऱ्यात संडास बांधलासुद्धा.

मग दिवाळी जवळ आली. ती शोरूम संस्थेच्या एका संचालकांच्या मेहुण्याची. गर्दीच्या दिवसांत त्यांना पोरी हव्या होत्या. साड्यांच्या घड्या घालायला, खोकी भरायला, आणि इंटर्नशिप म्हटली की फुकट. सर नेहमीसारखे एक दिवस बसायला गेले. तिथं स्टूलच नव्हतं, कारण कामाच्या माणसानं बसायचंच नाही असा नियम होता. सर दिवसभर उभे राहिले. संडास वरच्या मजल्यावर होता, कुलपात, फक्त गिऱ्हाइकांसाठी. ‘‘आणि पोरींनी?’’ मॅनेजर म्हणाला, ‘‘चौकाच्या पलीकडं सार्वजनिक हाय की.’’

सरांनी नाही म्हणून सांगितलं. मुख्याध्यापकांनी समजूत घातली, ‘‘सर, जमवून घ्या. दिवाळीपुरता तर प्रश्न आहे.’’

‘‘मुतायचा प्रश्न दिवाळीपर्यंत थांबतोय व्हय, साहेब?’’

पुढच्या सोमवारी बदली.

आम्ही सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी काय केलं? सगळं केलं. निवेदन दिलं. संचालकांची भेट मागितली, मिळाली नाही. शोरूमच्या दारात उभं राहून पत्रकं वाटली. आत जाणाऱ्या बायका पत्रक घ्यायच्या, नीट घडी करून पर्समध्ये ठेवायच्या आणि आत जायच्या. माझी सख्खी मावशी दोन पिशव्या घेऊन बाहेर आली. म्हणाली, ‘‘अगं, तुझं बरोबरच हाय. पण एवढं स्वस्त दुसरीकडं मिळत न्हाय.’’

नम्रतानं शोरूममध्ये पाणी पिणं सोडलं होतं. सकाळी घरून निघाल्यापासून रात्री परत जाईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. लघवीला जळजळ, मग ताप, मग सलाईन. मी दवाखान्यात गेले, तर मलाच धीर देत म्हणाली, ‘‘मी बरा हाय, ताई. साच्याचं काम दुसऱ्याला दिलं न्हाय न्हवं?’’ दिलं होतं. मी सांगितलं नाही. तिची आई उशाशी बसली होती. तिनं मला आवाज न चढवता विचारलं, ‘‘पोरीला धाडताना तुमच्यातलं कुणी जाऊन बघिटलं न्हवतं काय?’’

बघितलं होतं, काकू. बघणाऱ्याला घालवून दिलं. पण हे त्या माउलीला सांगून काय मिळणार होतं? ती पोरीला मुरगूडला घेऊन गेली. तिची शाळा कायमची सुटली. आता नम्रताचं स्थळ बघत आहेत असं तिचा मामा सांगतो. त्याच्यापुढंही माझं एक पत्रक चाललं नाही.

मी गगनबावड्याला जाऊन आले. दुपारीही धुकं शाळेच्या व्हरांड्यात शिरलेलं. सर जरा वाळले आहेत. मला बघून खूश झाले, स्टोव्हवर स्वतः चहा केला. उमेदवारीचं विचारलं तर हसून म्हणाले, ‘‘हितं कारखानाच न्हाय. पोरं धाडायची कुठं, ढगात?’’ मग मी नम्रताचं सांगितलं. मी म्हटलं, ‘‘सर, तुमच्यासाठी पुन्हा पत्रक काढते.’’ त्यांनी मान हलवली, नको म्हणून. खुंटीवरची पिशवी काढली, आत हात घालून कडी बाहेर घेतली आणि अंगठ्यानं घासत राहिले. ‘‘हितल्या दमट हवेनं गंज धरला की गं हिला,’’ एवढंच म्हणाले.

मी रिकाम्या हातानं परत आले. सरांची बदली रद्द होणार नाही, नम्रता परत येणार नाही, हे मला कळतं. म्हणून हे पत्रक संस्थेसाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी लिहिलं आहे. घडी करून पर्समध्ये ठेवू नका. ज्या दुकानातून तुम्ही नेहमी खरेदी करता, तिथं उद्या जा. काउंटरमागं एखादी शाळकरी पोर उभी असेल. तिच्यासमोर, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात मालकाला विचारा, ‘‘ही पोरगी जाते तो संडास कुठं हाय?’’ त्यानं बोट दाखवलं म्हणून परत फिरू नका. आत जा, आणि कडी लागते का बघा.