सेल्वम अण्णांचं मडगार्ड

आज माझ्या मोटरसायकलच्या मडगार्डला खाली चिखल अडवणारी जोडपट्टी बसवताना ड्रिलखाली तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या गॅरेजातला कामाचा पहिला आठवडा आठवला. काम जमलं नाही तर गावी परत जावं लागेल, ही धास्ती होती.

मालक सेल्वम अण्णांनी स्वतःची नवी कोरी गाडी पुढे केली, तिला अशीच पट्टी बसवायला ड्रिल माझ्या हातात दिलं.

“अण्णा, मी नववी नापास. बिघडलं तर?”

“भोक पाडायला दहावी कशाला लागते, तंबी? पाड!” तिकडे धाकट्या भावाला तंबी म्हणतात.

ड्रिल सरकलं, पट्टी तिरकी बसली. अण्णांनी वाकून पाहिलं नि पाठीवर थाप मारली. त्यांना दिसलं नाही, म्हणून मला हायसं वाटलं.

आता कळतं, असला तिरकेपणा पहिल्या नजरेतच दिसतो. अण्णांनी ती पट्टी कधीच बदलली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “माझ्या तंबीनं बसवलीय.”