मथळ्यांची ने-आण करणारे साडू

नेलेली वस्तू नेली तशीच परत आणून ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या मेहुणीचे हे यजमान सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात दुसऱ्या मजल्यावर बसून विकीच्या सॉफ्टवेअरचं काम करतात. विकी म्हणजे कुणीही उघडावं आणि कुणीही लिहावं असं संगणकावरचं पुस्तक. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "तुमच्याकडे नेमकं काय असतं?" म्हणाले, "मथळे." "लिहिता?" "छे, फक्त ने-आण करतो." ही ने-आण समजायला मला तीन दिवाळ्या लागल्या. लिहिणारा मथळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची, म्हणजे = अशी, चिन्हं देतो. सॉफ्टवेअर त्याचं एचटीएमएल करतं, म्हणजे ब्राउझरला कळेल असं रूप, आणि पडद्यावर ठळक मथळा उमटतो. कुणी त्या सजलेल्या पानावरच दुरुस्ती केली, की एचटीएमएलची पुन्हा चिन्हं करायची. "जायला काय, कुणीपण जातंय," साडू म्हणायचे, "परत जसंच्या तसं आलं पाहिजे की!" एवढ्याशा गोष्टीला पगार मिळतो हे ऐकून, वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवणारा मी जरा खट्टूच झालो होतो.

पण हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की घरातही तेच. एकदा ते माझी स्कूटर घेऊन अक्कलकोटला गेले. परत आले तेव्हा पेट्रोलचा काटा होता तिथंच, आरसाही माझ्या सवयीप्रमाणे वाकडा. चेहरा तेवढा उतरलेला. "साडू, माफ करा. वाटेत पाऊस लागला, मडगार्डवरचा तुमचा चिखल धुऊन गेला." मेहुणीनं एकदा कपाटाचा एक कप्पा पुसायला सांगितला. यांनी आधी फोटो काढला, कप्पा लख्ख पुसला आणि सगळ्या वस्तू फोटोबरहुकूम परत मांडल्या. त्यात मोडका कंगवा होता आणि मुदत संपून तीन वर्षं झालेली खोकल्याची बाटलीही होती. "अहो, टाकून तरी द्यायचं!" मेहुणी तणतणली. "तू पुसायला सांगितलंस. टाकायला कुठं सांगितलंस?" पानातली एक ओळ कुणी बदलली, तर बाकीच्या न बदललेल्या ओळी केसभरही हलता कामा नयेत, हा त्यांचा धर्म. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला गाठलं. "समजा, एकानं डावीकडं दोन चिन्हं दिली आणि उजवीकडं तीन. उरलेलं एक कुठं जातं?" माझं लक्ष ताटात. "कुठं जातं?" "नावाला चिकटतं! मथळ्यातच बसतं!" त्या बेघर चिन्हाची सोय लागल्याच्या आनंदात त्यांनी माझी जिलेबीही खाल्ली. ती मात्र परत आली नाही.

आमचे सासरे, म्हणजे मामा, माळशिरसकडच्या एका गावात जन्मभर मेंढरं राखत आले. साडूंनी घरच्यांपुरती एक छोटी विकी तयार करून ती मामांच्या फोनवर दिली. शिकवणी गोठ्यातच झाली. "मामा, नावाच्या दोन्ही अंगाला दोन-दोन चिन्हं. तीन चालतात, चार चालतात, पार सहापर्यंत. पण..." एवढ्यात बोकड शेजाऱ्याच्या कडवळात शिरला, मामा काठी घेऊन धावले आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. पुढं दोन वर्षं मामा एका बोटानं आपल्या घरादाराबद्दल लिहीत राहिले. मेंढरं, विहीर, जावई, लेकी आणि शेवटी मालन, म्हणजे आमच्या सासूबाई, मामी. ते लिहायच्या चौकटीतच रमत. तयार पान कसं दिसतं ते बघायच्या भानगडीत कधी पडले नाहीत.

मामा गेले. वर्षश्राद्धाला मेहुण्यानं ते पान छापून आणलं. मामी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतात. त्यांनी वाचलं, कागद खाली ठेवला आणि उठून गोठ्यात जाऊन बसल्या. जेवायची वेळ झाली तरी येईनात. मी बोलवायला गेलो. "पन्नास वर्सं त्यांच्या मेंढरामागं हिंडले मी," मामी म्हणाल्या. "मेंढरांचं नाव येवढं मोठं, आन् माझं मुंगीयेवढं? वर ह्या रेघा वढल्यात, खोडल्यावानी!" मी साडूंना बाजूला घेऊन म्हणालो, "त्या रेघा काढा, नाव मोठं करा, नवा कागद आणू. छापखान्याची चूक म्हणून सांगू." हा गरीब माणूस पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. "मामांच्या लिहिण्याला हात लावायचा नाही!"

मग ते लॅपटॉप घेऊन मामींशेजारी शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले आणि लिहायची चौकट उघडली. "मामी, हे मामांच्या बोटांनी लिहिलंय तसंच आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चिन्हं वाढतील तसा मथळा बारीक होतो. ते त्यांना सांगायचं राहिलं, चूक माझी. त्यांना वाटलं, जितकी चिन्हं तितका मान. आणि मशीन सहाच्या पुढं मोजत नाही, जास्तीची नावालाच चिकटवतं. त्याच ह्या रेघा."

मामींनी डोळे बारीक केले. "मेंढरास्नी किती हायती?"

"दोन."

"हिरीला?"

"तीन. जावयांना चार. लेकींना पाच."

मग मामींनी स्वतःच्या नावाअलीकडं बोट ठेवलं आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. अकरा झाली. "आन् पल्याड?"

"तिकडंही अकराच."

मामींनी पडद्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "चुकून न्हाय पडली," त्या म्हणाल्या. "रोज सांजंला मेंढरं मोजायचे ते. मोजण्यात कदी चुकले न्हाईत." पदर तोंडाशी गेला, त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "पावणं, उटा. ताटं वाढाय सांगा."

परतताना गाडीत मी विचारलं, "मामा असताना तुम्ही ते पान बघितलं नव्हतं?"

"बघितलं होतं की."

"मग राहिलेला नियम का नाही सांगितला?"

साडू खिडकीबाहेर बघत होते. "सांगितलं असतं, तर त्यांनी लगेच दुरुस्त केलं असतं. ती अकरा पुसायला लावायचा मला जीव झाला नाही. मामी कधी वाचतील, हे ध्यानातच आलं नाही हो."

मामांनी जावयांना दिलेल्या चार चिन्हांत निम्मा वाटा या माणसाचा आहे, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा फार बरं वाटलं. तसं त्यांना म्हणायला हवं होतं. पण वेळापूर गेलं, आणि मोहोळला गाडी थांबवून मी जिलेबीचा पुडा तेवढा त्यांच्या मांडीवर ठेवला.