मामांची पक्की खुर्ची

माझ्या थोरल्या मामांचा जगातल्या कुठल्याही सांध्यावर विश्वास नव्हता. नवी चप्पल पायात घालण्याआधी ते तिला जादा टाके मारून आणत. मावशीच्या लग्नात नवरा-नवरीच्या उपरण्याची गाठ त्यांना कच्ची वाटली, म्हणून त्यांनी ती स्वतः अशी आवळली की कुणालाच सुटेना. बिचारी दोघं बांधलेल्या अवस्थेतच जेवायला बसली. अशा माणसापुढे आम्ही सगळ्यांनी हात टेकले होते.

याचं मूळ एका खुर्चीत होतं. सन सत्तरच्या सुमारास, केदारखेड्याला मास्तरकी करता करता मामांनी मोठ्या हौसेने मामीसाठी खुर्ची केली आणि सांधे नुसत्या सरसाने चिकटवून सोडून दिले. पावसाळी ओलीने सरस ढिला पडला, मामी बसली आणि खुर्चीचे पाय चार दिशांना गेले. मामीची कंबर कायमची अधू झाली. जमिनीवर बसलं की तिला उठवेना.

मग मामांनी दुसरी खुर्ची करायला घेतली आणि ते ती करतच राहिले. शिजत्या सरसाच्या वासाने गल्ली नाक धरून जाई. सांधा चिकटला की त्यात आरपार भोक पाडून बांबूची मेख ठोकायची, आतल्या कोपऱ्यात तिकोनी ठोकळा बसवायचा, मग त्या ठोकळ्यालाही मेख! ज्वारीची पोती ठेवून झाली, गावचा पैलवान बसवून झाला. मामीला मात्र ते बसू देईनात.

"आता तरी बसू द्या की," मामी म्हणायची.

"दम धर जरा. मागचा पाय बराबर वाटून न्हाई राह्यला."

"पैलवान बसून गेला की हो!"

"त्याचं काय, तो पडला तर उठंल."

मी जावं तेव्हा मामी त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून भाजी निवडत असायची आणि खुर्चीचाच पाय धरून कण्हत उठायची. पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मामा धावत येऊन सांधा चाचपत.

"हलली का गं?"

"न्हाई हो, बिलकुल न्हाई," मामी धापा टाकत सांगायची.

खुर्चीवर एकदाही न बसता मामी गेली. नंतर एकदा गेलो तर मामा तिच्या जागी, जमिनीवर बसले होते. सरसाचं भांडं कोरडं पडलं होतं.

"मामा, खुर्ची पक्की झाली का?" मी विचारलं.

"ती कव्हाच झाल्ती रे," मामा म्हणाले. "मलाच धीर होत नव्हता."

आणि खुर्चीचा पाय धरून ते हळूहळू उठले.