हात कुठे आहेत?

प्रा. शिवलीला कलशेट्टी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते वर्गात, आणि त्या दिवशी मला त्यांचा चांगलाच राग आला होता. पत्रकारितेच्या पदविकेचा पहिला तास होता. मॅडमनी वर्तमानपत्राच्या पुरवणीतले एक पान फळ्यावर चिकटवले. धुण्याच्या पावडरीची जाहिरात होती. मग पर्समधून एक जुने पोस्टकार्ड काढून त्यांनी चित्रातल्या बाईचा चेहरा झाकला आणि विचारले, "आता काय दिसतं?" मी हुशारी दाखवत म्हणाले, "काहीच नाही, मॅडम." त्यावर त्या म्हणाल्या, "मग उद्यापासून येऊ नकोस. तुझी जागा दुसऱ्याला देता येईल."

मी दुसऱ्या दिवशी गेले, ते केवळ हट्टाने. हळूहळू ते पोस्टकार्ड समजत गेले. मॅडम म्हणत, चेहरा हसरा असला की आपण बाकीचे बघायचे सोडून देतो, म्हणून आधी चेहरा झाकायचा आणि मग चार प्रश्न विचारायचे. कोण उभे आहे आणि कोण बसले आहे? कोण कोणाकडे बघते आहे? बोलते कोण? आणि हात काय करत आहेत? त्या पावडरीच्या जाहिरातीत बाई वाकून कपडे पिळत होती आणि शेजारी इस्त्रीच्या शर्टातला पुरुष, हात पाठीमागे बांधून, तिला पावडरीचे गुण सांगत होता. चेहऱ्यावरचे कार्ड काढले तेव्हा ती बाई आनंदाने हसत होती. वर्गही हसला. मॅडम मात्र कधी हसल्या नाहीत. त्यांना ही गोष्ट गमतीची वाटतच नसे.

आमचे घर भवानी पेठेत. घरी तेलुगू बोलणारी आम्ही विणकर माणसे. अम्मा, म्हणजे माझी आई, कारखान्यातून येणाऱ्या टॉवेलांचे आणि चादरींचे काठ घरच्या मशीनवर शिवायची. दुसऱ्या मशीनवर मी बसावे असे तिचे म्हणणे होते आणि त्यात तिचे काही चुकत नव्हते. मी चार दिवस कॉलेजला गेले नाही, तेव्हा मॅडम पत्ता शोधत घरी आल्या. अम्माने त्यांना खुर्ची दिली, त्या खाली बसल्या.

"मॅडम, पोरगी नुसती पेपर कापत बसती. ह्यानं पोट भरंल का?" अम्माने विचारले.

"नाही भरणार," मॅडम म्हणाल्या. मी गारच पडले. मला वाटले होते, आता शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण होईल. मॅडमनी समोरच्या ढिगातला टॉवेल ओढला आणि घडी घालायला सुरुवात केली. पूर्ण दुपार त्या घड्या घालत राहिल्या. अम्माचे बोट मशीनच्या सुईखाली कधी सापडले, नख कधी गेले, हे सगळे त्यांनी विचारून घेतले. त्या गेल्यावर अम्मा म्हणाली, "बाईनं घड्या लई चांगल्या घातल्या की. जा उद्या कॉलेजला."

मॅडमच्या स्वभावाबद्दल एवढे सांगितले तरी पुरे व्हावे. कुणाच्या घरी काय अडचण आहे, हे त्यांनी कधी वर्गात उच्चारले नाही आणि कुणाच्या घरी जायचे त्या विसरल्याही नाहीत.

आता जे लिहायचे आहे ते मॅडमच्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, ठाऊक नाही. पण अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने खोटे लिहिले तर मॅडम हा लेख फळ्यावर चिकटवतील.

मॅडमनी इतकी वर्षे शिकवून काय घडले? त्यांच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना जाहिरातीतच नोकऱ्या मिळाल्या, आणि आम्ही त्यांचे चार प्रश्न पाठ करून गेलो होतो. ते प्रश्न चुकवायचे कसे, हे आमच्याइतके कुणालाच कळत नव्हते. बाई वाकलेली दाखवायची नाही? मग तिला उभी करा, चष्मा द्या. पुरुषाच्या हातात एकदा कढई द्या आणि बायकोला टाळ्या वाजवू द्या. कढई घासताना मात्र दाखवू नका. गिऱ्हाईक खूश, बघणारे खूश. मी स्वतः प्रत्येक कामाला हे प्रश्न लावून, ते पास करूनच पुढे पाठवत असे. मला ती मॅडमची शिकवण वाटायची.

आणि मग ती चादरीची जाहिरात आली. अम्मा ज्यांच्यासाठी काठ शिवायची, त्याच कारखान्याची. मी मालकांना पटवले की मुंबईची मॉडेल नको, खरी काम करणारी बाई घेऊ. म्हणजे अम्मा. मला वाटले, हे बघून मॅडम माझी पाठ थोपटतील. अम्माला नवी इरकल नेसवली. ती खुर्चीत ताठ बसली, थेट कॅमेऱ्याकडे बघत. खालचे शब्दही तिच्याच तोंडचे घेतले. तीन प्रश्न पास झाले. फोटो घेताना तिची बोटे दिसत होती, सुईने टोचलेली, अंगठ्याचे नख गेलेले. फोटोग्राफर तसाच फोटो काढायला निघाला होता. मीच म्हणाले, "अम्मा, हात चादरीखाली घे."

फलक चौकात लागला. अम्मा रिक्षाने जाऊन तो दोनदा बघून आली. मॅडमही उन्हात उभ्या राहून बघून आल्या आणि त्यांचा फोन आला. "अम्मा छान दिसतात," त्या म्हणाल्या. आणि मग, "हात कुठे आहेत?" प्रकाशाबद्दल, मांडणीबद्दल मी बरेच काही बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि फोन ठेवला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांनी मला झापले असते तर बरे झाले असते.

दोन वर्षांपूर्वी अम्मा गेली. भिंतीवर लावायला तिचा दुसरा धड फोटोच नव्हता, म्हणून त्याच जाहिरातीतला कापून लावला. मॅडम भेटायला आल्या, बराच वेळ त्या फोटोसमोर बसल्या. "दुसरा नाही का गं एखादा?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. मॅडमना रडताना मी तेवढे एकदाच पाहिले आहे.

या ग्रंथासाठी माहिती घ्यायला गेले, तेव्हा त्यांच्या घरी, त्यांनी जमवलेल्या जाहिरातींच्या कात्रणांची खोकी दारापर्यंत आली होती. ग्रंथालयाने जागा नाही म्हणून ती परत पाठवली होती. कॉलेजात त्यांच्या जुन्या अभ्यासक्रमाच्या जागी आता माल कसा खपवायचा ते शिकवतात. मी विचारले, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल काय लिहू?" त्या म्हणाल्या, "हरले म्हणून लिही. मी बघायला शिकवलं, तुम्ही लपवायला शिकलात." मला त्यांचे म्हणणे खोडता आले नाही. आजही येत नाही.

ग्रंथाच्या मलपृष्ठासाठी जाहिरात हवी होती आणि ते काम समितीने माझ्याकडे दिले. त्याच कारखान्याने होकार दिला आणि तयार असलेली तीच जाहिरात पाठवली. मी ती घेऊन मॅडमकडे गेले, म्हटले, तुम्ही सांगा, परत करते. त्यांनी ती हातात धरून पाहिली. "राहू दे," म्हणाल्या. "निदान एक उदाहरण तरी लोकांच्या घरात राहील."

म्हणून वाचकांना विनंती आहे. हा ग्रंथ मिटलात की मागे माझी अम्मा दिसेल. तिचा चेहरा फार सुंदर आहे. त्यावर क्षणभर काहीतरी ठेवा आणि खाली बघा. चादरीची घडी आहे, तिचा काठ एकसारखा, सरळ शिवलेला आहे. तो काठ अम्मानेच शिवला होता.

मॅडमची तब्येत अलीकडे बरी नसते, मोतीबिंदूही झाला आहे. त्यांची नजर शाबूत राहो, आणि त्या शंभर वर्षे जगोत. ही इच्छा मी शिष्या म्हणून करते आहे असे कुणी समजू नये. अम्माचा फोटो बघून, हात कुठे आहेत हे विचारणारे माणूस मला दुसरे उरलेले नाही.