माझ्या घरात त्यांचे डबे

माझ्या घरात, माझ्या टेबलावर, त्यांनी त्यांचे डबे मांडले. मी सकाळपासून राबून केलेलं सगळं ओट्यावर झाकून ठेवायला लावलं. मटकीची उसळ, भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी, गव्हाची खीर. वर इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "आजी, तुम्ही फक्त वाढा. कॅमेरा तुमच्या हातावर राहील."

यांना सगळे अण्णा म्हणतात. राहायला समुद्राकाठच्या श्रीमंत मरीनाला, कंपनी मोठी. माझा मुलगा संजू एसी दुरुस्तीची कामं घेतो, आणि त्याची निम्मी कामं अण्णांच्या कंपनीतून येतात. म्हणून अण्णांनी फोन केला की मुंबईहून पक्षाचे मोठे पाहुणे आलेत, त्यांना तुमच्याकडे जेवायचंय, तेव्हा संजू नाही म्हणू शकला नाही. मीही नाही म्हटलं नाही. घरी जेवायला येतोय माणूस, का नाही म्हणायचं? इथे आखातात परदेशी माणसाला राजकारण करता येत नाही, म्हणून कार्यक्रमाला नाव दिलं होतं 'कौटुंबिक स्नेहभोजन'. आमचंच कुटुंब का निवडलं, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो आहे. पाहुण्यांची खुर्ची अण्णांनी बरोबर त्याच्या खाली लावली.

मी विचारलं, "माझं जेवण का नको?"

"साहेबांना पथ्य आहे. बाहेरचं चालत नाही."

"हे डबे कुठून आले मग?"

"रेस्टॉरंटमधून."

"मग हे बाहेरचंच की," मी म्हटलं. माझी नात रिया सोफ्याच्या कडेला उभी होती. पोर इथल्या शाळेत शिकलेली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. ती हळूच म्हणाली, "आजी, दे आर नॉट ईटिंग युवर फूड." तेवढं इंग्रजी मला कळतं. तिला खोटं काय सांगणार?

पाण्याच्या बाटल्यासुद्धा त्यांनी आणल्या होत्या. कागदी ताटल्या, प्लास्टिकचे चमचे. आमच्या घरातलं त्यांनी काही घेतलं असेल तर खुर्च्या, आणि एसीची हवा.

खरं सांगते, मला तेव्हा राग नाही आला. आधी हसूच आलं. कारण हे जेवण मी एकदा पाहिलं होतं.

मी परकरातली असेन. आमच्या वस्तीत पुढारी येणार होते, दुसऱ्या पक्षाचे, त्या काळी राज्य त्यांचंच होतं. एकत्र जेवण करून ते भेदाभेद मोडणार होते. माझ्या आईने शेजारणीकडून तांदूळ आणले, अंगण सारवलं, मोठं पातेलं चढवलं. आणि मग पाटलाच्या घरून पितळी डबे आले. पाटलाचा गडी आईला म्हणाला, "तुझं ठेव झाकून. तू निसतं वाढायचं." आईने वाढलं. पाटलाच्या पोळ्या, पाटलाची आमटी, पाणी पाटलाच्या घागरीतलं. फोटो निघाला. पुढारी हात जोडून गेले. संध्याकाळी आईने तो भात आम्हाला वाढला तेव्हा तिच्या तोंडावर अजून तेच पाहुण्यांपुढचं हसू होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. त्या हसण्याचा मला अजून त्रास होतो. पाटील त्याच पक्षाचा. त्याच्या विहिरीवर आम्हाला दोर टाकता येत नव्हता. जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही येत नव्हता.

इथे मी पक्षांची नावं लिहीत नाही. भीती नाही वाटत. नाव दिसलं की वाचणारा आपला पक्ष शोधतो आणि दुसऱ्याचं तेवढं वाचतो, हे मला आता कळलंय.

तर अण्णांनी कॅमेरा सुरू करायला सांगितला. मला म्हणाले, "आजी, तुमच्या लहानपणी त्या लोकांनी तुमचे काय हाल केले, ते सांगा. मनापासून सांगा."

त्या लोकांनी. म्हणजे दुसऱ्या पक्षाने. हवं होतं ते एवढंच.

मी सांगितलं. खरंच होतं, का सांगू नये? पातेलं सांगितलं, दोर सांगितला. पाहुण्यांनी मान हलवली, हात जोडले. अण्णा खूश. "खलास, पुरे, फार सुंदर झालं," म्हणाले.

मी म्हटलं, "थांबा. ते झालं त्यांचं. आता तुमचं सांगते."

लग्न होऊन मी तालुक्याच्या गावी आले. आमच्या मुलांसाठी तिथे वसतिगृह व्हायचं होतं. जागा ठरली होती. या पाहुण्यांच्या पक्षाचा शहराध्यक्ष म्हणजे गावातला मोठा किराणा दुकानदार. त्याने मोर्चा काढला. गावात ही पोरं नकोत, आमच्या लेकीबाळी आहेत, असं बोलत होते. आमची पोरं म्हणजे काय, दहा-बारा वर्षांची लेकरं. मग दुकानं बंद झाली आमच्यासाठी. मी तान्ह्या संजूला काखेत घेऊन त्याच्या दुकानासमोर उभी होते. मला म्हणाला, "आधी वसतिगृहाची मागणी सोडा. मग साखर." मागचे लोक हसले. पोर रडत होतं. मी रिकामी पिशवी घेऊन परतले, आणि वाटेत मला त्या पाटलाच्या पक्षाचा आमदार भेटला. तो म्हणाला, "बाई, वातावरण निवळू द्या." वसतिगृह आजतागायत झालं नाही.

हे मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. सगळं. संजू दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला.

पाहुणे फोनमध्ये बघत होते. मग वर बघून म्हणाले, "माताजी, एखादा माणूस चुकीचा असतो. पक्ष तसा नाही."

मी म्हटलं, "साहेब, गेल्या वर्षी तुमच्या पक्षाने त्याच्या नावाने चौक केला. मी गावी गेले होते तेव्हा त्याच चौकातून रिक्षा केली."

मी हातातला डाव खाली ठेवला आणि म्हटलं, "माझ्या हातून हे वाढणं होणार नाही. जेवायचं असेल तर भाकरी गरम आहे. नसेल जेवायचं तर उठा."

ते उठले. अण्णा माणसांना म्हणाले, "यल्ला, चला, उशीर होतोय." जाता जाता मला म्हणाले, "उरलेलं राहू द्या आजी. चांगलं आहे, घरच्यांना होईल." उरलेलं. मी रियाला म्हटलं, धर एक पिशवी. आम्ही दोघींनी ते डबे लिफ्टपर्यंत नेले आणि त्यांच्या हातात दिले.

तुम्हाला वाटेल, झाली आजी विजयी. छे.

दुसऱ्या दिवशी मराठी लोकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. त्यात माझी आई होती, पातेलं होतं, पाटलाचा दोर होता. आणि पुढे लगेच पाहुण्यांचे जोडलेले हात. दुकानदार नव्हता, साखर नव्हती, चौक नव्हता. खाली लिहिलं होतं, 'आजींचे अश्रू आणि आमचा शब्द'. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतंच. मागे बासरी लावली की म्हातारी बाई आपोआप रडायला लागते. माझ्या आईचा अपमान त्यांनी कापून नेला आणि आपल्या झेंड्याला टाचला.

त्यानंतर अबूधाबीहून एका बाईचा फोन आला. तिथल्या अल रीम बेटावर राहते, त्या पाटलाच्या पक्षाचं इथलं काम बघते. फार गोड बोलणारी. त्या दिवशीचं सगळं तिच्या कानावर गेलं होतं. म्हणाली, "मावशी, त्यांनी तुमचं बोलणं कापलं, किती वाईट. तुम्ही आमच्याकडे या. दुकानदाराचा भाग आम्ही पूर्ण दाखवतो."

"आणि पाटलाचा?"

"तो लोकांनी पाहिलाय ना आता, मावशी."

मी फोन ठेवला. तेव्हा मला राग आला. टेबलावर डबे मांडले तेव्हा आला नव्हता एवढा आला. आयुष्यभर मला वाटायचं, यांना आमचं दुःख ठाऊक नाही, कुणीतरी नीट सांगायला हवं. ठाऊक नाही कसं? चांगलं ठाऊक आहे. निम्मं याला हवं, निम्मं त्याला. अख्खं कुणालाच नको. कोणाच्या पूर्वजांनी आम्हाला जास्त छळलं, यावर हे टीव्हीवर रोज भांडतात आणि आम्हाला साक्षीला बोलावतात. त्यांचा निकाल त्यांच्यातच. आमच्या वसतिगृहाचं नाव त्यात कुणी काढत नाही.

संजूची कामं थांबली. अण्णांच्या ऑफिसातून सांगितलं, सध्या गरज नाही. संजू रात्री जेवताना म्हणाला, "आई, दोन मिनिटं गप्प बसली असतीस."

"तुझ्यासाठीच साखर मागत होते रे तेव्हा," मी म्हटलं. तो भाकरी मोडत राहिला. त्याची चिंता मला आहे, नाही कशी? घराचं भाडं आहे, रियाची शाळा आहे. माझ्या बोलण्याची किंमत त्याने भरली, हे मला कळतं, आणि ते मला टोचतं.

माझं कापलेलं बोलणं तोंडोतोंडी पसरलं, तसा परवा अण्णांचा निरोप आला. पुढच्या कार्यक्रमात आजींनी दोन शब्द बोलावेत, त्या दिवशी तब्येत बरी नव्हती एवढं म्हणावं, मग संजूचं बघू. संजूने निरोप माझ्यापुढे ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मला 'जा' म्हणाला नाही, 'नको' म्हणाला नाही.

मी जाणार आहे. तब्येत माझी ठणठणीत आहे. त्या दिवशी माझी चूक एवढीच झाली की एकाचं आधी सांगितलं आणि दुसऱ्याचं नंतर, मध्ये कात्री लावायला जागा सोडली. आता तशी बोलणार नाही. पाटील आणि दुकानदार, पातेलं आणि साखर, हा पक्ष आणि तो पक्ष, मी एकाच दमात, एकाच वाक्यात बोलणार आहे. कापलं तर दोघंही जातील. ठेवलं तर दोघांनाही ऐकावं लागेल.