नातीची वजाबाकी

माझी नात तिसरीत बसली तवा तिला वजाबाकी येत नव्हती. बेरीज यायची. वजाबाकी आली की पोरगी गप व्हायची न्हाईतर काय बी लिवून मोकळी व्हायची.

आमी मेंढरावाली मानसं. दिवाळी झाली की माझा ल्योक आन सून मेंढरं घिऊन घाट उतरून कोकनात जात्यात, ते जेष्ठ लागायच्या टायमाला माघारी येत्यात. नात आदी त्यांच्यासंगंच फिरायची. माझं गुडघं गेलं, मला चालवंना, तशी मी गावातच ऱ्हायले आन नातीला बी ठिऊन घेतलं. हितं जिल्हा परिषदेची शाळा हाय. म्हनलं, शिकंल.

पन औंदा सुनंला बाळ झालं. ल्योक म्हनला, "आये, आता हिला संगं न्यावं लागंल. बाळाला कोन धरायचं? कोकरामागं कोन पळायचं?"

मी म्हनलं, "आरं, शाळा?"

"शाळंचं काय घिऊन बसलीस! बाईच म्हनत हुत्या, वजाबाकीत गाडी आडलीया म्हनून. हितं बसून डोकं खाजवन्यापरीस तितं कोकरं तरी वळंल."

मी तिच्यायवढीच हुते तवा माझ्या पाठीवर भाऊ झाला आन मला मेंढरामागं नेलं, बाळ धरायला. एकाच वरसासाठी म्हनून नेलं हुतं. त्या वरसानं काय मला माघारी सोडलं न्हाय. लगीन मेंढरातच, बाळतपनं बी वाटंलाच. एक लेकरू तापानं गेलं, तितंच माळावर मातीत ठेवलं आन सकाळी मेंढरं पुढं काढली. नवरा गेला तवा बी तिसऱ्या दिशी चालायला लागले. मेंढरं थांबत न्हाईत. रडून काय व्हतंय? पन नातीचं तसं हुयाला नगं हुतं.

त्याच टायमाला शाळंतल्या बाईंनी आया गोळा केल्या. म्हनल्या, आठवड्यातनं दोन दिस वर्गात या, पोरांसंगं बसा, गनिताचा सराव करून घ्या. नातीची आई रानात, म्हनून मी गेले. तरन्या बायका हसल्या. एक म्हनली, "आजे, तुमचं नाव घातलं का न्हाय हजेरीत?"

मी म्हनलं, "घाला की. खिचडी तरी मिळंल."

बाई आमच्या लई गुनाच्या. घाईत सांगून गेल्या, "आजी, तुरीच्या बारीक काड्या आना आन सारख्या सारख्या मोळ्या बांधून ठेवा." मला काम मिळालं, बरं वाटलं. घरी बसून कातरल्या, बांधल्या, पिशवीभर मोळ्या घिऊन गेले.

बाईंनी पोरांस्नी खाली बसवलं. म्हनल्या, "चौतीस मांडा." पोरांनी तीन मोळ्या आन चार सुट्या काड्या मांडल्या. "आता मोजून बघा बरं, चौतीस भरत्यात का." पोरं मोजाय लागली. एक पोरगी वरडली, "बाई, चौसष्ट झालं!" दुसरी म्हनली, "आमचं बी चौसष्ट!" समदा वर्ग हसाय लागला. बाईंनी एक मोळी सोडून मोजली आन माझ्याकडं बघितलं.

"आजी, ह्यात किती बांधल्यात तुमी?"

"ईस."

"ईस का वो?"

म्हनलं, "मग किती बांधायच्या? आमी मेंढरं इसानंच मोजतो. सांजच्याला मेंढरं जाळीच्या वाड्यात शिरताना ईस झाली की एक खडा बाजूला टाकायचा. सारख्या बांधा म्हनलासा, सारख्या बांधल्या."

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "चूक माझीच आजी, धा सांगायचं ऱ्हायलं. आता धा-धाच्या करा." हजेरीचं इचारनारी ती तरनी आई म्हनली, "आजीनं वर्गाची मेंढरं केली!" मी बी हसले. काय करायचं?

मग मी आन नात वट्यावर बसून मोळ्या सोडाय लागलो. पोरीचा हात चालंना. म्हनली, "आजे, बांधलेली मोळी सोडायची आसती व्हय?"

आमच्यात सरपनाची मोळी एकदा बांधली की चुलीपशी आल्याबिगर कुनी सोडत न्हाय. वाटंत सोडली की काटक्या सांडत्यात, परत बांधायला येळ जातो, मेंढरं पुढं निघून जात्यात. पोरीला चालाया लागल्यापासनं तेच ठावं.

म्हनलं, "ही चुलीची न्हाय, शाळंची हाय. सोड."

तिनं सोडली. काड्या मोजल्या. परत मोजल्या. "तेवढ्याच हायत की गं!"

"मग? कुठं जात्यात?"

मग पोरगी पुढच्या मोळ्या फटाफटा सोडाय लागली.

दोन दिसांनी बाईंनी वजाबाकी घातली, बेचाळीसातनं सतरा. पयलं नात काय करायची, दोनातनं सात जात न्हाईत म्हनून सातातनं दोन काढायची आन पस्तीस लिवायची. बाईंनी फळ्यावर कितींदा दावलं आसंल, दशक सुटा करा, दशक सुटा करा. त्या दिशी तिनं चार मोळ्या आन दोन काड्या मांडल्या. सात उचलाय गेली तर दोनच. मोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला बी कुठं येत हुतं? मग तिनं एक मोळी वढली आन सोडली.

पंचवीस आलं.

बाई जवळच हुत्या. टाळी बिळी न्हाय वाजवली, तिच्या डोक्यावर हात ठिवला आन म्हनल्या, "आता आनखी एक." पोरीनं आनखी एक केलं. सुट्टीची घंटा झाली तरी करत हुती.

दिवाळी झाली. ल्योक निघायच्या तयारीला लागला. नातीची कापडं बी गठुड्यात बांधली. मी म्हनलं, "लेका, तिला वजाबाकी याया लागलीया, येकदा इचार तरी."

त्यो घोंगडं झटकत म्हनला, "बरं. ए पोरी, एकसष्ट मेंढरं हायत. चौतीस वढ्यापल्याड गेली. अल्याड किती?"

पोरगी पटकन म्हनली, "तेहतीस."

ल्योक म्हनला, "बघ. ऐकलंस?"

"न्हाय न्हाय आबा, थांबा!" ती पळत जाऊन काड्या घिऊन आली. सहा मोळ्या, एक काडी. एक मोळी सोडली. जिभंचं टोक भाईर, मान खाली. ल्योक तिकडं बोटाची पेरं मोजत हुता, त्याचं चुकत हुतं, परत पयल्यापासनं धरत हुता. सून बाळाला पाजीत दारात बसल्याली.

"सत्तावीस," पोरगी म्हनली.

ल्योकाचं मोजून व्हायला आजून येळ लागला. मग म्हनला, "सत्तावीसच हायत." आन घोंगड्याची घडी घातली. परत म्हनला, "ते खरं. पन बाळाचं काय?"

सून आजवर माझ्यापुढं त्याला उलटून बोलल्याली न्हाय. ती म्हनली, "बाळ मी पाठीला बांधीन. कोकरं घोड्यावर पाटीत घालू. तिला ऱ्हाऊ द्या."

"तुला झेपंल का?"

"आत्याबाईंला झेपलं, मला न झेपायला काय झालं?"

मी म्हनलं, "मला झेपलं न्हाय गं. करावं लागलं."

मग ल्योकानं गठुडं सोडलं आन पोरीचं परकर-पोलकं काढून माझ्या मांडीवर टाकलं. "औंदा ऱ्हाऊ दे. म्होरल्या वरसाचं तवाच्या तवा बघू."

मला तेवढं बास हुतं. एक वरीस म्हंजी पोरगी चौथीत गेली.

मेंढरं गेली त्या सकाळी पोरगी आईच्या लुगड्याला धरून लई रडली. सून बी रडली. मी न्हाय रडले, कुनीतरी भाकरी थापायला पायजे. दहा वाजता तिला हाताला धरून शाळंत नेली. डोळं सुजल्यालं, नाक गळतंय. बाईंनी तिच्याकडं बघितलं आन फळ्यावर वजाबाकी लिवली. पोरीनं पदरानं... माझ्या पदरानं नाक पुसलं आन पाटी म्होरं वढली.