पाहणीचा आठवडा

“तुम्हाला माहीत होतं, वहिनी. एवढं कबूल करा, मी गप्प बसते.”

“माहीत असणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं.”

“हे तुमच्या साहेबांना ऐकवा.”

नणंद ताटं मांडता मांडता थांबली होती. ती वस्तीतल्या छोट्या प्रसूतिगृहात परिचारिका. वहिनी सरकारला सल्ला देणाऱ्या संशोधन संस्थेत. आकडे भरणारी म्हणून लागली, आणि आता आरोग्य खात्याचे सचिव तिची वाक्यं जशीच्या तशी बैठकीत वाचत. आमच्या संस्थेचा नफ्याशी संबंध नाही, असं ती पाहुण्यांना सांगे. “तोट्याशीही नाही, तो आमच्या वाट्याला,” असं नणंद पुढे जोडे.

यंदा संस्थेने छोट्या प्रसूतिगृहांची पाहणी केली. नणंद याच खात्यात, हे वहिनीने नियमाप्रमाणे आधीच कळवलं. म्हणून तिने प्रसूतिगृहात पाऊल टाकायचं नाही, सहकाऱ्यांनी आणलेल्या माहितीवरून अहवाल तेवढा लिहायचा, असं ठरलं. सहकारी सगळीकडे गेले तो नेमका लसीकरणाचा आठवडा. सगळ्या परिचारिका दारोदार फिरत होत्या, बाळंतपणाला आलेल्या बायकांना मोठ्या इस्पितळात धाडलं जात होतं. सहकाऱ्यांना खाटा रिकाम्या दिसल्या. त्याच आठवड्यात नणंद रोज घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवून त्या पायपिटीला शिव्या घालत होती, आणि पाणी वहिनीच तापवून देत होती. पण घरी ऐकलेलं अहवालात आणायचं नाही, हा संस्थेचा दंडक. तिने तो पाळला. ‘खाटांचा वापर नगण्य’ हे वाक्य तिचंच.

आता त्या अहवालावरून प्रसूतिगृह बंद होणार होतं आणि नणंदेची बदली दूरच्या गावी. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं नणंदच करायची.

“दुरुस्ती पाठव की एक,” नवरा म्हणाला. “हात का मोडणार आहे?”

“एका ठिकाणची चूक नाही ती. आठवडाच चुकला, म्हणजे अख्खा अहवाल गेला. पुन्हा कोण विचारेल आम्हाला?”

“नाहीच विचारलं तर बरं,” नणंद म्हणाली. “बायकांनी कुठे बाळंत व्हायचं ते तुमच्या खुर्चीतून ठरायचं तरी थांबेल.”

“त्याच खुर्चीतून मागच्या वर्षी तुला रात्रपाळीला जोडीदारीण मिळाली. तेव्हा माझा अहवाल गोड लागला.”

“मग काय, फिट्टंफाट?”

आतून सासूबाईंची हाक आली, “अगं, कूस वळवा गं कुणीतरी.” दोघी उठल्या. नणंद आधी पोचली आणि तिने वहिनीच्या तोंडावर दार लावून घेतलं.

“साहेबांना विचारलंस ना दुरुस्तीचं? काय म्हणाले?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“पुढच्या अभ्यासात बघू म्हणाले.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय करायचंय? ती गेल्यावर तुला रोज आईंना उठवायला जमणार आहे?”

त्याने उरलेली ताटं मांडली.

नणंद हात धुऊन जेवायला बसली. वहिनीने तिला वाढलं, नवऱ्याला वाढलं, आणि आत अंथरुणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दुरुस्ती मी पाठवणार नाही. तू बदलीच्या ठिकाणी हजर हो. आईंसाठी सोमवारपासून बाई येणार आहे, मी बोलून ठेवलंय.”